एरर काऊन आली, भाऊ?

मी अमरावतीत राहतो आणि डेटाबेस सांभाळतो. लग्नकार्यात ही ओळख सांगितली, की समोरचा पाहुणा क्षणभर विचार करतो आणि मनापासून विचारतो, "मंग, डाटा बेस हाय ना?" मी "हाओ, बेस हाय" म्हणतो आणि आम्ही दोघं पंगतीला बसतो. माझ्या धंद्याबद्दल याहून जास्त समजून घ्यायची कोणाची इच्छा नसते, आणि समोर वांग्याची भाजी वाढायला आलेली असताना ती असूही नये.

तरी थोडं सांगतो. अमरावती ते अकोला या पट्ट्यातल्या पतसंस्था, जिनिंग, खरेदी-विक्री संघ, बियाणं-खताची दुकानं यांचे हिशेब ज्या कॉम्प्युटरांत असतात ते आजारी पडले, की मला फोन येतो. बडनेरा, माना, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला अशी माझी वारी. या रस्त्याचं नाव आता जगभर झालेलं आहे. २०२२च्या जूनमध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत उरकून तो गिनीज बुकात जाऊन बसला. रस्त्याचं भलं झालं, माझं नुकसान झालं. "रस्ता खराब आहे, यायला उशीर होईल" असं गिऱ्हाइकाला सांगायची सोय गेली.

फोनवरचा संवाद ठरलेला असतो.

"सर, एरर आली."

"कोणती?"

"लाल."

"काय लिहिलंय तिच्यात?"

"आता कसं सांगू? मी ओके दाबलं तं गेली ना!"

तुम्ही म्हणाल, काय ही बेफिकिरी. पण मी त्या ऑपरेटर पोराला बोल लावत नाही. तो ज्या सर्व्हरवर काम करतो, तो सर्व्हरही नेमकं हेच करतो. एरर आली की तिचा नंबर क्षणभर हातात धरतो, आणि पुढचं वाक्य आलं की ओके दाबून मोकळा.

एसक्यूएल सर्व्हर नावाचा जो रिलेशनल डेटाबेस आमच्याकडे घरोघरी आहे, त्यात काही नावं मुळातच बसवून आलेली असतात. @@एरर, @@रोकाउंट, @@आयडेंटिटी, @@ट्रॅनकाउंट, @@व्हर्जन अशी तीसेक मंडळी. तुम्ही स्वतः तयार केलेल्या व्हेरिएबलपुढे एक ॲट द रेट, आणि या मंडळींच्या पुढे दोन. ही तुम्ही नेमायची नसतात, त्यांच्यात तुम्ही काही भरायचंही नसतं. फक्त विचारायचं. अकोल्यातल्या एका अडत्यांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर डोकावून पाहिलं. ॲट द रेट हे चिन्ह त्यांच्या रोजच्या बिलातलं, भावाच्या आधी लिहायचं. दोन-दोन ॲट द रेट पाहून त्यांचा चेहरा गंभीर झाला. हळूच म्हणाले, "एकाच मालाले दोन भाव लावून राह्यले का, सायेब? आमी लावतो तं लोकं बोंबलते, अन् इथं तं कंपनीनंच लावून देल्ले."

हे दोन ॲट द रेट मायक्रोसॉफ्टचे नव्हेत, सायबेसचे. सायबेस ही १९८४मध्ये कॅलिफोर्नियात निघालेली कंपनी. तिच्याशी भागीदारी करून मायक्रोसॉफ्टनं १९८९मध्ये एसक्यूएल सर्व्हर बाजारात आणला. पुढे भाऊबंदकी झाली, वाटण्या झाल्या, पण दोन्ही घरांनी ॲट द रेटची जोडी मात्र ठेवून घेतली. सुरुवातीला या मंडळींना ग्लोबल व्हेरिएबल म्हणत. आता मायक्रोसॉफ्ट आपल्या कागदपत्रांत लिहून मोकळी झाली आहे, की ही व्हेरिएबल नाहीत, फंक्शन आहेत. ग्लोबलही ती सगळीच्या सगळी नाहीत. तुमची @@एरर तुमच्यापुरती, शेजारच्या टेबलावर बसलेल्याची त्याच्यापुरती. म्हणजे जे ग्लोबल नाही आणि व्हेरिएबलही नाही, त्याला सगळे ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. आमच्याकडे याचं कोणाला नवल वाटत नाही. गावात एखाद्याला एकदा सरपंच म्हणायची सवय लागली, की पद जाऊन किती निवडणुका झाल्या तरी तो सरपंचच, आणि काही ठिकाणी तर तो मुळात निवडूनही आलेला नसतो.

तर @@एरर. शेवटचं वाक्य नीट पार पडलं तर हिच्यात शून्य, नाही तर एररचा नंबर. कर्जदाराच्या खात्यावर हप्ते बाकी असताना खातंच उडवायला गेलात तर ५४७, एकच खाते नंबर दोघांना द्यायला गेलात तर २६२७, शून्यानं भागायला गेलात तर ८१३४. नंबर अचूक, बाई एकवचनी. अट एकच. विचारायचं तर लगेच, दुसऱ्या कोणाशी एक शब्दही न बोलता.

आता एक नमुना जवळून बघा. एका हुशार पोरानं प्रोग्रॅम लिहिला. आधी खातं दुरुस्त करायचा हुकूम. त्याच्या खाली, "@@एरर शून्य नसेल तर @@एरर छापा." मराठीत वाचलं तर यात खोट काढायला जागा नाही. हुकूम फसला. @@एररमध्ये ५४७ आले. 'शून्य नसेल तर' या प्रश्नाचं उत्तर खरं निघालं, आणि सर्व्हरनं छापलं: ०.

काऊन? कारण 'शून्य नसेल तर' हेसुद्धा एक वाक्यच होतं. ते कोणतीही अडचण न येता पार पडलं. शेवटचं वाक्य नीट पार पडलं, म्हणून @@एरर शून्य झाली. एरर आहे का? आहे. कोणती? कोणतीच नाही. चौकशी करणं हाच पुरावा नष्ट करण्याचा उपाय. पोरगा अर्धा दिवस त्या शून्याकडे बघत बसला होता, आणि त्याच्या मागं उभं राहून पतसंस्थेचे व्यवस्थापक धीर देत होते, "शून्य हाय ना? मंग चांगलं हाय की! काऊन तोंड पाडून बसला?"

उपाय साधा आहे. एरर आली की पहिल्याच वाक्यात ती आपल्या एका ॲट द रेटच्या खिशात घालायची, मग काय ती चौकशी. त्यातही मेख अशी, की @@एरर आणि @@रोकाउंट या दोघींनाही विचारायचं असेल तर एकाच दमात, एकाच वाक्यात विचारावं लागतं. आधी एकीला विचारलं, की त्या विचारण्यापायी दुसरी आपलं म्हणणं विसरते. २००५च्या आवृत्तीपासून ट्राय-कॅच नावाची सोय आली, आणि कॅचच्या आत असेपर्यंत एररचा नंबर जाग्यावर राहू लागला. पण आमच्या पट्ट्यातले निम्मे प्रोग्रॅम त्याच्या आधीच्या वळणाचे, आणि राहिलेले निम्मे आधीच्यांवरून उतरवून घेतलेले.

एक वाक्य झालं की विसरणारं हे यंत्र चालवायला विधात्यानं माणसं कोणती निवडावी? वऱ्हाडातली! सर्व्हरला विचारलं तर तो शेवटच्या वाक्याच्या मागे जात नाही, आणि आमच्या माणसाला विचारलं तर तो पहिल्या वाक्याच्या पुढे येत नाही.

मूर्तिजापूरकडच्या एका पतसंस्थेत (नाव सांगत नाही, माझं बिल यायचं आहे) व्यवस्थापकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. मी गेलो की विचारतो, "भाऊसाहेब, एरर आली तेव्हा नेमकं काय करत होते?" भाऊसाहेब आधी चहा सांगतात. मग खुर्ची मागं रेलून म्हणतात, "त्याचं असं हाय, भाऊ, ह्या इमारतीची जागा पयले आमच्या आजोबाची होती." तिथून गोष्ट निघते. जागेचा दावा, दाव्याचे वकील, वकिलाचा जावई, जावयानं काढलेलं कर्ज, त्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस, त्या माणसाची संत्र्याची बाग, त्या सालची गारपीट. दुसरा चहा संपत आला की गारपिटीतून बाहेर पडून आम्ही संस्थेच्या दारात येतो, आणि तेवढ्यात भाऊसाहेबांना कोणीतरी बोलवायला येतं. एररचं काय झालं? ते पुढच्या वेळी.

सर्व्हर आणि भाऊसाहेब या दोघांच्या मधे मी. एकाला काहीच आठवत नाही, दुसऱ्याला काहीच विसरता येत नाही, आणि दोघंही माझ्या भरवशावर बसलेले.

तिथेच कॅशियर काका आहेत. त्यांचं कॉम्प्युटरशी फारसं जमत नाही. पैसे मोजून झाले की मान वर करून पडद्याकडे असे बघतात, जणू नवीन सुनेनं चहात मीठ टाकलं की साखर याचा अंदाज घेताहेत. पण सभासदांबद्दल काहीही विचारा. कोणाचं खातं कधी उघडलं, वारस म्हणून कोणाचं नाव लावलं, ते नाव पुढे का बदललं, आणि बदलल्यावर घरात काय झालं, सगळं तोंडपाठ. काकांची महती मला कळली ती @@रोकाउंटमुळे.

@@रोकाउंट म्हणजे शेवटच्या हुकमानं किती ओळींना हात लागला त्याचा आकडा. मोजून सांगते, वाढवून सांगत नाही, लपवत नाही. एकदा तिथल्या ऑपरेटर पोरानं एका सभासदाचा पत्ता बदलला. सभासद गाव सोडून अकोल्यात गोरक्षण रोडला राहायला गेला होता. पोरानं हुकूम दिला, पत्ता लिहिला, आणि 'कोणाचा' हे सांगणारी ओळ तेवढी राहिली. सर्व्हर असल्या वेळी "कोणाचा, भाऊ?" असं विचारत नाही. संस्थेच्या यच्चयावत सभासदांचं बिऱ्हाड एका मिनिटात गोरक्षण रोडवरच्या दोन खोल्यांत हललं. @@रोकाउंटनं खाली आकडा इमानदारीनं सांगितला होता. तो पोरानं पाहिला, आणि त्याला वाटलं, हा खाते नंबर आहे.

ही वेळ जगात सगळ्यांवर येते. मायएसक्यूएल हा दुसरा एक डेटाबेस, त्यातही दोन ॲट द रेटची नावं आहेत, फक्त तिथं बरीचशी बदलता येतात. त्यात 'कोणाचा' हे न सांगता बदल करायला गेलात तर अडवणारी एक सोय आहे. ती चालू करायच्या खटक्याचं एक नाव 'सेफ अपडेट्स', आणि दुसरं नाव, अगदी अधिकृत, 'आय ॲम अ डमी'. म्हणजे मी येडा आहे असं आधी लिहून दिलं की सर्व्हर तुम्हाला सांभाळून घेतो. आमच्याकडे ही सोय कोणीच वापरत नाही. नुकसान सोसतील, पण लिहून देणार नाहीत.

सगळे पत्ते हलले त्या दिवशी बॅकअप निघाला, पण जुना. मधल्या काळात उघडलेली खाती, बदललेले पत्ते त्यात नव्हते. भाऊसाहेब इमारतीच्या जागेपासून सुरू करणार तोच काका म्हणाले, "लिहा." आणि डोळे मिटून सांगू लागले. कोण नवीन आलं, कोण कुठून कुठं गेलं, कोणाच्या पत्त्यात 'मारोतीच्या मंदिरामागं' आहे आणि कोणाच्या 'समोर'. मी टंकत होतो. मधेच थांबून म्हणाले, "ह्याचा पत्ता नका बदलू. तो मुंबईले गेला म्हन्ते, पन तुम्ही पाहा, दिवायीपर्यंत वापस येते." आला.

@@आयडेंटिटीचं प्रकरण नाजूक आहे. नवीन ओळ घातली की सर्व्हर तिला आपणहून नंबर देतो, आणि शेवटचा दिलेला नंबर @@आयडेंटिटी सांगते. फक्त तो कोणत्या टेबलातला, हे सांगत नाही. एका ठिकाणी कोणी हुशार माणसानं सभासदाच्या टेबलावर एक ट्रिगर बसवला होता. नवीन सभासद आला की "अमक्यानं अमक्या वेळी नोंद केली" अशी एक ओळ दुसऱ्याच टेबलात पडायची. तिलाही नंबर मिळायचा, आणि शेवटचा नंबर तोच. पासबुकावर सभासदाच्या नंबराऐवजी त्या चुगलीचा नंबर छापून येऊ लागला. २०००च्या आवृत्तीत यासाठी स्कोप-आयडेंटिटी नावाची सोय दिलेली आहे. ती आपल्यापुरतंच बघते, ट्रिगरच्या उचापतीत पडत नाही. ती बसवून दिली. पासबुकं परत मागवली तर एक म्हातारबा काही केल्या देईनात. खरा नंबर लहान होता. "पयलेचाच राहू द्या ना, सायेब. मोठ्या नंबराचं वजन पडते."

आणि लाइन. वऱ्हाडात वीज जात नाही, लाइन जाते. २०१२च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर हे नंबर एक-एक काढत बसत नाही. हजाराची चळत आधीच काढून हाताशी ठेवतो, म्हणजे काम भरभर होतं. सर्व्हर रीतसर बंद केला तर उरलेले नंबर परत जाग्यावर जातात. लाइन गेली, आणि यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळ्यांपूर्वीच देवाघरी गेलेली असली, तर ती चळत वाया. लाइन आल्यावर पावती नंबर तीन आकड्यांवरून उठतो आणि एकदम चार आकड्यांत जाऊन बसतो. जिथं हे नंबर कोणी बघत नाही अशा देशात ही मोठी शहाणपणाची योजना असेल. आमच्याकडे ऑडिटर येतो.

ऑडिटर म्हणाले, "मधल्या पावत्या कुठे आहेत?"

भाऊसाहेब म्हणाले, "लाइन गेल्ती."

"लाइन गेल्यावर पावत्या जातात का?"

"हजारच जाते, सायेब. जास्त नाई जात."

मी ऑडिटरांना चळतीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'पावत्या गहाळ. खुलासा तांत्रिक.' २०१७च्या आवृत्तीत ही चळत बंद करायचा खटका सरळ डेटाबेसलाच दिलेला आहे. तो मी आता जाईन तिथं पहिल्यांदा दाबतो. कामाचा वेग जरा कमी होतो म्हणे. पतसंस्थेत वेग कमी झाल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.

वेगावरून @@लॉक-टाइमआउट आठवली. एकानं एखाद्या ओळीला कुलूप लावलं तर दुसऱ्यानं किती वेळ थांबायचं, ते ही सांगते. काही सांगितलं नसेल तर उत्तर उणे एक. उणे एक म्हणजे कितीही वेळ, जन्मभर. कुठे कोणी जिवाला कंटाळून उठून जायचं नाही. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही शकुंतला रेल्वे ब्रॉडगेज होईल म्हणून वाट बघणाऱ्या मुलखाला ही किंमत परकी वाटू नये. पण झालं असं, की एका शाखेत एका बाबूनं व्यवहार सुरू केला, म्हणजे @@ट्रॅनकाउंट एकवर नेली, आणि कमिट, म्हणजे पक्का, न करता गिला वडा खायला गेला. तो जिथं खायला गेला तिथं कढई नुकतीच चढली होती. इकडे सगळ्या खिडक्यांवरचे पडदे जागच्या जागी थिजले. कॉम्प्युटर उणे एकच्या हिशेबानं शांत बसून होते. खिडकीबाहेरच्या रांगेला कोणी उणे एक सांगितलेलं नव्हतं.

मी फोनवरून विचारलं, कुलूप कोणत्या नंबरकडे आहे बघा. प्रत्येक जोडणीला एक नंबर असतो, तो @@एसपीआयडी सांगते. नंबर सापडला. तो मारून टाकला असता तर व्यवहार मागे गेला असता आणि @@ट्रॅनकाउंट शून्य झाली असती. व्यवहार तीन पातळ्या खोल गेलेला असो की पाच, कमिट एकेक पातळी वर येतं, रोलबॅक मात्र एका फटक्यात सगळं शून्यावर आणतो. पण तेवढ्यात बाबू तोंड पुसत आला, खुर्चीत बसला आणि रांगेकडे बघून म्हणाला, "काय सर्व्हर हाय हा! मी पाच मिनिटं नाई तं बंद पडते."

तारखांची तऱ्हा वेगळी. @@लँग्वेज सांगते, की सर्व्हर कोणत्या भाषेत विचार करतोय. यादीत तीसेक भाषा आहेत. जपानी आहे, थाई आहे, एस्टोनियाची आहे. हिंदी नाही, मराठीचं तर नावच काढू नका. इंग्रजी मात्र दोन: अमेरिकेची एक आणि ब्रिटिशांची एक. दोन्ही देशांत बोलतात एकच, पण तारीख उलटी लिहितात, म्हणून भाषा दोन. हाच न्याय लावला तर अमरावती आणि पुणे यांना वेगवेगळ्या भाषा द्यायला हरकत नव्हती. एका संस्थेत नवीन सर्व्हर आला, त्याची भाषा अमेरिकेची. ०४/०७ म्हणजे आमची ४ जुलै, त्याला ती ७ एप्रिल. गंमत अशी, की महिन्याच्या बारा तारखेपर्यंत हा घोळ तोंडातून चकार शब्द काढत नाही. तेरापासून पुढे तेरावा महिना सापडत नाही, म्हणून एरर बोंबलते, २४२ नंबरची. तेरा तारखेपासूनचे कर्जदार अशा रीतीनं वाचले. बाराच्या आतल्या कित्येकांना वसुलीच्या नोटिसा महिने-महिने आधी गेल्या. एक शेतकरी नोटीस घेऊन आला. रागावला नव्हता, कौतुकानंच बघत होता. "पेरनी व्हायची हाय अजून, अन् तुमी वसुलीले आले! कामाले लागले बुवा तुमी."

@@डेटफर्स्ट आठवड्याचा पहिला वार सांगते. अमेरिकन सर्व्हरवर सात, म्हणजे रविवार. ब्रिटिश सर्व्हरवर एक, म्हणजे सोमवार. आमच्या डेली कलेक्शनच्या एजंटांचा आठवडा गावोगावच्या बाजाराच्या दिवशी सुरू होतो, आणि तो वार गावागणिक वेगळा. एकापासून सातापर्यंतची सगळी उत्तरं इथं एकाच वेळी बरोबर असतात. आठवड्याचा रिपोर्ट जुळत नाही तो यामुळे, हे मी वरच्या कार्यालयाला सांगून पाहिलं. त्यांनी सगळ्या गावांचा बाजार एका दिवशी भरवता येईल का, असं विचारलं.

अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा मला @@सीपीयू-बिझी आणि @@आयडल या दोघी फार आवडतात. सुरू झाल्यापासून किती राबलो हे पहिली सांगते, आणि किती वेळ नुसतं बसून होतो हे दुसरी. आपण किती वेळ बसून होतो हे न विचारता मोजून ठेवणारा कर्मचारी मी दुसरा पाहिला नाही. पतसंस्थेत कुलर एकच असतो. बसवताना तो साहेबांच्या केबिनसाठी असतो, मग सर्व्हर तापतो, मग केबिन आणि सर्व्हर यांच्यामधे तो तिरपा लावतात. नवीन गवत भरलेलं असेल तर ओल्या गवताचा वास सगळ्या शाखेत पसरतो, पंपाची मोटर गुरगुरते, आणि वारा येईल तिथं पहिली खुर्ची ऑडिटरची. अशा त्या दुपारी आकडे काढले तर सर्व्हरची @@आयडल सगळ्या शाखेत सर्वांत कमी निघते.

जाता जाता @@मॅक्स-कनेक्शन्स. एकाच वेळी किती जण या सर्व्हरला जोडू शकतील? उत्तर: ३२,७६७. शाखेत कॉम्प्युटर तीन. त्यातला एक प्रिंटरपुरता.

परवा भाऊसाहेबांनी हे सगळं एकदा नीट समजून घेतलं. चहा झाला होता, इमारतीच्या जागेचा विषय नुकताच संपला होता. मी सांगितलं, ही सगळी नावं खरं तेच बोलतात, पण शेवटच्या वाक्यापुरतं. त्याच्या आधीचं विचारलं तर त्यांना काही माहीत नसतं.

"म्हन्जे समद्याचं समदं लक्षात ठेवनारं एकबी नाई?"

"नाही."

"मंग एक बसवून द्या ना तसं. पैशाचं पाहू आपन."

"आहे ना तुमच्याकडे," मी काकांकडे बोट दाखवलं. "पण ते मार्चमध्ये रिटायर होतात."

भाऊसाहेब विचारात पडले. काका नोटा मोजत होते, त्यांनी अंगठा थांबवला नाही.

"असं करा," भाऊसाहेब म्हणाले, "मार्चच्या आत ह्यांचा बॅकअप घेऊन ठेवा."

काकांनी गड्डी पुरी केली, रबर लावलं, आणि मान वर न करता म्हणाले, "घ्या की. पन जागा लय लागन. एकट्या भाऊसायबाच्या आजोबाचंच अर्धं भरते."